हत्तीचा पाय आधी उचलायला लावा

खान्देशातली, व्हेटर्नरीला लागलेली मुलं मला फोन करतात. "सर, हत्तींवर काम करायचंय." मला बरं वाटतं आणि काळजीही वाटते. मी निघालो तेव्हा वडील एवढंच म्हणाले होते, "तू हत्तीना डॉक्टर व्हशी, मंग आपली म्हैसले कोन देखी?" त्यांचं बरोबर होतं. आपल्याकडे पोट म्हशीवरच चालतं, हत्ती वर्षाकाठी एखादा रस्त्याने येतो. पण तो येतो तेव्हा चाळीस-पन्नास किलोमीटरच्या टापूत तुमच्याशिवाय कोणी नसतं.

पदवीच्या साडेपाच वर्षांत हत्तींबद्दल किती शिकवतात ते तुम्हाला माहीत आहे, त्यावर बोलत नाही. माझ्याकडून जे चुकलं ते सांगतो.

एप्रिल महिना, मुक्ताईनगर ते वरणगावच्या मधला हायवे, ऊन पंचेचाळीसच्या घरात. कडुलिंबाखाली एक हत्तीण उभी होती, कपाळावर रंगाची नक्षी, पुढचा डावा पाय टेकवताना थबकत होती. मी सगळं नीट केलं असं मला वाटलं. ताज्या लिदीच्या गोळ्यात थर्मामीटर खुपसून ताप पाहिला. छातीचा घेर टेपने घेतला, ३४५ सेंटीमीटर. त्याला १८ ने गुणून ३३३६ वजा केले, वजन साधारण २,८७० किलो आलं. त्या हिशेबाने अँटिबायोटिक दिलं, सूज उतरायचं आणि दुखणं थांबायचं इंजेक्शन दिलं. नखाच्या मुळाशी, कातडी लागते तिथे, बोटभर सूज होती. धुतली, स्प्रे मारला. डोस अचूक होता. पाय मात्र मी उचलायला लावला नाही.

महावतचाचा दोनदा म्हणाले होते, "साहब, नीचे से देखो." मालक घाईत होता आणि मी त्याच्या घाईला बळी पडलो.

आता हे नीट समजून घ्या. हत्तीच्या नखाखाली पू झाला की त्याला खाली वाट नसते. तळव्याच्या भेगेत खडा किंवा काच शिरते, वरून माती बसते, तोंड बंद होतं. प्रत्येक पावलाला अंगाचं भलंमोठं वजन त्यावर पडतं आणि पू वर ढकलला जातो. म्हणून सूज वर, नखाच्या मुळाशी दिसते. तुम्ही वरची सूज धुता, रोग खाली असतो. पाय उचलायला लावा, पाण्याने खरवडून धुवा, काळा ठिपका किंवा भेग शोधा, अंगठ्याने दाबून पाहा. ती पाय ओढून घेईल तीच जागा. तिथे खुराच्या सुरीने थोडं थोडं तासून पुवाला खालून वाट करून द्या. मग रोज कोमट पाण्यात मीठ नाहीतर पोटॅशियम परमँगनेट टाकून पाय बुडवायचा, आठवडेच्या आठवडे, आणि उभं करायचं ते मऊ मातीवर. डांबरावर नाही, लघवीने ओल्या काँक्रीटवर तर मुळीच नाही.

मी दिलेल्या इंजेक्शनाने दुखणं दबलं. ती नीट चालू लागली म्हणून मालकाने तिला पुढे चालवत नेलं. आठ दिवसांनी फोन आला तेव्हा ती पारोळ्याच्या पुढे होती, नखाचं मूळ फुटलेलं, आत बोट जाईल एवढी पोकळी. पू हाडापर्यंत पोहोचला की पुढे फारसं हातात राहत नाही. ती वाचली, पण तो पाय पूर्ववत झाला नाही. पाय न पाहता वेदनाशामक देऊ नका. हे मी दहा वेळा सांगेन.

घाबरू नका. पाय बघणं शिकता येतं, आणि त्याला मशीन लागत नाही. हत्तीला घाम नखांच्या कडेलाच येतो. निरोगी जनावराची ती कड ओलसर असते, हाताला लागते. पुढच्या पावलाचा घेर दोरीने घेऊन दुप्पट केला की खांद्यापर्यंतची उंची मिळते. ही दोरी मला एका महावताने दिली. माझ्या मते महावताजवळचे चार महिने कुठल्याही आठवड्याभराच्या सर्टिफिकेट कोर्सपेक्षा भारी. व्हिडिओ पाहून बेशुद्धीचं इंजेक्शन भरणाऱ्यांचा मला राग येतो. बेशुद्ध झालेला हत्ती पोटावर बसला की छाती दबते आणि श्वास अडतो, कारण त्याची फुप्फुसं छातीच्या भिंतीला चिकटलेली असतात. हे काम एकट्याने करायचं नाही.

शिकायला जायचं तर आपल्या राज्यात गडचिरोलीचा कमलापूर कॅम्प आहे. जमलं तर केरळ किंवा आसाम गाठा. आसामातले हत्तींचे डॉक्टर कुशल कोंवर शर्मा यांना २०२० मध्ये पद्मश्री मिळाली, ते गुवाहाटीच्याच कॉलेजातले.

कागदाचंही सांगतो. हत्ती १९७२ च्या वन्यजीव कायद्यात अनुसूची १ मध्ये, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या यादीत आहे. मालकी प्रमाणपत्र आणि मायक्रोचिप विचारा. नसेल तरी उपचार थांबवू नका, वनखात्याला कळवा. प्रवासासाठी तब्येतीचा दाखला मागायला मालक येतात, तेव्हा चारही पाय धुऊन घ्यायला लावा, मगच पेन काढा. सही लवकर हवी म्हणून चहा पाजतील, नाव घेऊन विनवतील. महावताकडे बघा. तो काही बोलायला लागला की बाकीच्यांना गप्प बसवा.