पोराचा मायनस नंबर पळतोय? रात्रीच्या त्या एका थेंबाबद्दल

माझ्या लेकाचा नंबर पहिलीत मायनस दीड होता, तिसरीत तीनच्या वर गेला, आणि दर जूनला नवीन चष्मा म्हणजे वह्या-दप्तर-रेनकोटच्या यादीतलाच एक आयटम होऊन बसला होता. मग डॉक्टरांनी ॲट्रोपिनचे ड्रॉप्स सुरू केले, त्याला आता दीड वर्ष झालं. बिल्डिंगमधल्या दोघी-तिघी लिफ्टमध्ये गाठून विचारतात, म्हणून एकदाच लिहून टाकते.

पहिली गोष्ट, या थेंबांनी नंबर उतरत नाही आणि चष्माही सुटत नाही, फक्त वाढीचा वेग कमी होतो. मायनस नंबरात डोळ्याचा गोळा मागे लांबत जातो, आणि लांबलेला गोळा काही परत आखूड होत नाही. मायनस सहाच्या पुढे गेलं की मोठेपणी पडदा सरकणं, काचबिंदू वगैरेचा धोका वाढतो, सगळी धडपड तिथपर्यंत पोचू नये म्हणून. आणि हो, मुद्दाम कमी नंबरचा चष्मा देऊन डोळ्यांना 'सवय लावायची' हे आमच्या सासूबाईंचं शास्त्र, त्याने काहीही फायदा होत नाही, पूर्ण नंबरचाच द्या.

दुसरी गोष्ट, बाटलीवरचा टक्का वाचा, हे मी दहादा सांगेन. बाहुली मोठी करून नंबर तपासायला लहान मुलांना कधीकधी 1 टक्का ॲट्रोपिन घालतात, आणि आपलं असतं 0.01, 0.025 किंवा 0.05, म्हणजे वीसपट ते शंभरपट फरक. आमचे हे एकदा ऑफिसातून येताना स्टेशनबाहेरच्या केमिस्टकडून घाईत बाटली घेऊन आले, मी ट्यूबलाइटखाली धरून बघते तर सरळ 1! ते घातलं असतं तर आठवडा-दोन आठवडे पोराला पुस्तक दिसलं नसतं.

कुठला टक्का हे डॉक्टरच ठरवणार. हाँगकाँगमध्ये 4 ते 12 वर्षांच्या मुलांवर मोठा अभ्यास झाला, त्यात पहिल्या वर्षी 0.05 ने नंबरची वाढ साधारण दोन तृतीयांशने कमी झाली, 0.01 ने जेमतेम पाव. 2023 मध्ये अमेरिकेतल्या एका अभ्यासात तर 0.01 चा फायदाच दिसला नाही. तरी आपल्याकडे बरेच डॉक्टर 0.01 पासून सुरू करतात कारण त्रास कमी. सहा महिन्यांनी फरक दिसला नाही तर 'टक्का वाढवायचा का' असं बिनधास्त विचारा.

आता घालायचं कसं. रात्री झोपताना, म्हणजे बाहुली मोठी होऊन जे काही धुरकट दिसायचं ते बरंचसं झोपेतच निघून जातं. हात धुवायचे, पोराला उताणं झोपवायचं, पंख्याकडे बघायला सांगायचं, खालची पापणी हळूच ओढली की छोटा खिसा होतो, त्यात एकच थेंब. बाटलीचं टोक डोळ्याला किंवा पापणीला लागू द्यायचं नाही. मग डोळा अलगद मिटून नाकाजवळचा कोपरा बोटाने एक-दोन मिनिटं दाबून धरायचा, ही स्टेप सगळे गाळतात. तिथून नळी थेट नाकात जाते, न दाबल्यास औषध घशात आणि रक्तात उतरतं, तोंड कोरडं पडतं, गाल लाल होतात. आमचा सुरुवातीला डोळे गच्च मिटून घ्यायचा, तेव्हा मिटलेल्या डोळ्याच्या नाकाकडच्या कोपऱ्यात थेंब टाकायचा आणि 'आता उघड' म्हणायचं, आपोआप आत जातो. दोन्ही डोळ्यांना, रोज. एखाद्या रात्री राहिलं तर राहिलं, दुसऱ्या दिवशी डबल घालू नका.

उन्हात डोळे दिपतात, त्यासाठी फोटोक्रोमॅटिक, म्हणजे उन्हात आपोआप गडद होणारी काच आणि टोपी. पुस्तकातली अक्षरं पुसट वाटतात असं म्हणाला तर डॉक्टरांना सांगा. ताप, लालबुंद चेहरा, धडधड, असंबद्ध बडबड दिसली तर थेंब बंद आणि सरळ डॉक्टर गाठा. ॲट्रोपिन म्हणजे महादेवाला वाहतो त्या धोतऱ्यात असतं तेच, त्यामुळे धाकटं भावंड असेल तर बाटली त्याच्या हाताला लागू देऊ नका, कोणी प्यायलंच तर थेट हॉस्पिटल. उघडलेली बाटली महिन्याने टाकून द्यायची, मी झाकणावर मार्करने तारीख लिहिते.

थेंबांसोबत रोज दोन तास उघड्यावर. आमच्या खिडकीतून समोरच्या बिल्डिंगचे वाळत घातलेले कपडे दिसतात, त्यापुढे नजर जातच नाही, त्यामुळे संध्याकाळी ऊन असेपर्यंत शिवाजी पार्क. पावसाळ्यात बोंब, तेव्हा निदान उघडीप मिळेल तशी गॅलरी-गच्ची.

दर सहा महिन्यांनी नंबर आणि डोळ्याची लांबी, ॲक्सियल लेंथ म्हणतात, मोजून घ्या आणि आकडे वहीत उतरवा. किमान दोन वर्षं तरी चालवायचं असतं, आणि नंबर थांबला म्हणून स्वतःच्या मनाने बंद करू नका, एकदम सोडल्यावर काहींचा नंबर परत पळतो, जास्त टक्क्यावर असाल तर अजूनच. आमची वही मायनस साडेतीनवर आहे, गेल्या जूनला पाव वाढला, या जूनला काच बदलली नाही, फक्त फ्रेम बदलली, तीही त्याने क्रिकेट खेळताना मोडली म्हणून.