निळा बेस फोटोत जांभळट येत होता, तो असा सुधारला

मित्राचा जॅझ बेस (बेस गिटारचा एक प्रकार) विकायचा होता. रंग लेक प्लॅसिड ब्लू, म्हणजे धातूसारखी चमक असलेला निळा. फोटोत तो कधी जांभळट, कधी राखाडी यायचा, आणि गिऱ्हाईक आधी रंगच विचारतं.

मूळ दुखणं मिश्र उजेडाचं. उजेडाची छटा केल्विनमध्ये मोजतात, आकडा जितका कमी तितका उजेड पिवळा. खिडकीतला उजेड साधारण ५५०० ते ६५०० केल्विन, वरचा पिवळा बल्ब २७०० चा. एकच व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरंच दिसावं म्हणून केलेलं सेटिंग) दोन्हींना पुरत नाही. म्हणून घरातले सगळे दिवे बंद केले, बेस खिडकीपाशी ठेवला आणि रॉमध्ये (कॅमेऱ्याची प्रक्रिया न केलेली फाइल) फोटो काढले. पहिल्या फोटोत बॉडीवर ग्रे कार्ड, म्हणजे रंगछटा नसलेलं राखाडी कार्ड, ठेवलं. एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये त्यावर व्हाइट बॅलन्सचा ड्रॉपर टेकवून मिळालेलं सेटिंग बाकीच्या फोटोंना लावलं. निम्मं काम तिथेच झालं!

चकाकी मात्र उरली. लेन्सवरचा पोलरायझर (चकाकी कमी करणारा फिल्टर) फिरवल्यावर बॉडीच्या लॅकरवरचं खिडकीचं प्रतिबिंब विरलं. क्रोमच्या ब्रिजवर (तारा टेकतात तो धातूचा भाग) त्याचा फारसा उपयोग होत नाही, तिथे समोर पांढरा थर्माकोल धरला. शेवटी बेस स्क्रीनशेजारी ठेवून फक्त निळ्याचा ह्यू (रंगछटा) जरासा हिरव्याकडे सरकवला. सॅच्युरेशनला (रंगाच्या गडदपणाला) हात लावला नाही. विकायच्या वस्तूचा रंग भडक करून दाखवणं मला पटत नाही. एक्सपोर्ट एसआरजीबीमध्येच (बहुतेक स्क्रीन आणि वेबसाइट वापरतात ती रंगपद्धत) करा, नाहीतर दुसऱ्याच्या स्क्रीनवर रंग फिके पडू शकतात.