छातीत धडधड, दाब, धाप: टेन्शन की हृदय? या चुका टाळा

मार्चअखेर, घरातलं लग्न, मुलाची बारावी. अशा दिवसांत छातीत दुखलं की घरच्यांचं निदान तयारच असतं: ‘टेन्शन घेतलंस म्हणून.’ सगळ्यात महागात पडते ती हीच चूक. ताणामुळे रक्तदाब आणि नाडी दोन्ही चढतात, आणि आधीच चरबी साठलेल्या रक्तवाहिनीत रक्ताची गाठ व्हायला तेवढं निमित्त पुरतं. म्हणजे ताणाच्या दिवसांत छातीच्या दुखण्याकडे जास्त लक्ष हवं.

इमर्जन्सी विभागात पुन्हा पुन्हा दिसणारा रुग्ण असा असतो. वय ५५, मधुमेह, वर्षअखेरच्या हिशेबांमुळे झोपेचं खोबरं. रात्री एकला छातीच्या मधोमध दाब, दरदरून घाम. घरचे आधी ओवा-मीठ देतात, मग इनो, मग पाठ चोळतात. ढेकर येतो, जरा हलकं वाटतं आणि सगळे म्हणतात, ‘बघ, गॅसच होता.’ पहाटे जबड्यात आणि डाव्या हातात कळ गेल्यावर धावपळ सुरू होते. तोवर पाच तास गेलेले असतात. गाठ विरघळवणारं इंजेक्शन पहिल्या दोन-तीन तासांत सर्वांत चांगलं काम करतं, आणि मेलेला हृदयाचा स्नायू परत मिळत नाही. ढेकर आला, हा कशाचाच पुरावा नाही. मधुमेही, बायका आणि वयस्कर माणसांत तर छाती न दुखताही अटॅक येतो: नुसती धाप, मळमळ, पोटाच्या वरच्या भागात दुखणं, एकाएकी गळून जाणं.

फरक असतात, नाही असं नाही. पॅनिक अटॅक, म्हणजे एकाएकी येणारा तीव्र भीतीचा झटका, साधारण १० मिनिटांत टोकाला जातो आणि अर्ध्या तासात ओसरू लागतो. भराभर श्वासाने रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, म्हणून ओठांभोवती आणि बोटांत मुंग्या येतात, हात आखडतात, गरगरतं. दुखणं बहुधा टोचणारं, एका बोटाने दाखवता येणारं. हृदयाचं दुखणं पसरट; माणूस अख्खा तळहात छातीवर ठेवतो. चालताना, जिना चढताना ते वाढतं. पण हे सगळं डॉक्टरांना नीट सांगण्यासाठी लक्षात ठेवा, घरी बसून निकाल देण्यासाठी नको. पहिल्यांदाच असा दाब आला आणि १० मिनिटांत उतरला नाही तर १०८ लावा. सोबत घाम, धाप किंवा हात-जबड्याकडे कळ असेल तर मिनिटंही मोजू नका. ॲस्पिरिनची ॲलर्जी, अल्सर किंवा रक्तस्रावाचा त्रास नसेल, तर ३०० ते ३२५ मिलिग्रॅमची गोळी चावून घ्यायची का, हे १०८ वरच विचारा.

दुसरी चूक रुग्णालयात होते. पहिला ईसीजी नॉर्मल आला की अर्धी मंडळी चपला घालतात. ईसीजी त्या क्षणापुरता असतो; अटॅकच्या सुरुवातीला तो साफ येऊ शकतो. हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात उतरणारं ट्रोपोनिन हे प्रथिन वाढायलाही काही तास लागतात, म्हणून ही तपासणी काही तासांनी पुन्हा करतात. ‘सकाळी ऑफिस आहे’ म्हणून सही करून घरी जाणाऱ्यांना समजावता समजावता डॉक्टर दमतात. थांबा.

बाकीच्या चुका थोडक्यात. जोरजोरात खोकून अटॅक थांबवण्याचा व्हॉट्सॲप मेसेज साफ चुकीचा आहे. शेजाऱ्यांची सॉर्बिट्रेट (जिभेखाली ठेवायची हृदयाची गोळी) घेऊ नका. रक्तदाब झपकन उतरतो, आणि सिल्डेनाफिल (व्हायग्रातलं औषध) घेतलेलं असेल तर जीवावर बेततं. ‘जिना चढून बघतो’ हा प्रयोग तर नकोच. पॅनिक समजून कागदी पिशवीत श्वास घेणं बंद करा. स्मार्टवॉचला अटॅक ओळखता येत नाही. स्वतः बाइक चालवत दवाखान्यात जाऊ नका.

हृदय ठीक आहे असं तपासून कळल्यावर मात्र उलटी चूक सुरू होते: दर आठवड्याला नवा ईसीजी, दिवसभर नाडीवर बोट. त्यापेक्षा वही ठेवा. वेळ, त्या आधी काय करत होता, किती मिनिटं टिकलं, चहा किती झाला होता. बसल्या जागी बटण दाबल्यासारखी धडधड सुरू होऊन नाडी १५० च्या वर जात असेल आणि तशीच अचानक थांबत असेल, तर तो ताण नसून हृदयाच्या लयीचा दोष असू शकतो, होल्टरबद्दल (दिवसभर अंगावर लावून ठेवायचा ईसीजी) विचारा. थायरॉइड आणि हिमोग्लोबिनही तपासून घ्या.

निदान पॅनिकचंच निघालं तर झटका येताच चार सेकंद श्वास आत, सहा सेकंद बाहेर. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर मराठीत बोलता येतं. मानसोपचारतज्ज्ञांनी रोजची गोळी दिली की चार दिवसांत ‘उपयोग नाही’ म्हणून सोडू नका. तिचा परिणाम दिसायला २ ते ४ आठवडे तरी लागतात, आणि बंद करतानाही डॉक्टर सांगतील तशी हळूहळूच कमी करायची.