धानाच्या तुसाची राख काळीच राहते? आमच्या गटाला लागू पडलेला उपाय

भंडारा-गोंदिया पट्ट्यातील गिरण्यांच्या तुसापासून सिलिका काढण्याचा आमचा एम.एस्सी. पदार्थविज्ञानाचा गटप्रकल्प होता. ७०० अंश सेल्सिअसला भाजूनही राख करडी राहत असे आणि कणांच्या आत काळे ठिपके दिसत. वेळ वाढवला, तापमान चढवले, तरी काळेपणा गेला नाही. उलट क्ष-किरण आलेखात क्रिस्टोबलाइटची (सिलिकाच्या स्फटिकरूपाची, जे आम्हाला नको होते) टोकदार शिखरे उमटू लागली. सत्र संपत आल्यामुळे सगळे हवालदिल झाले होते.

कारण होते तुसातील पोटॅशियम: ते तापताना पृष्ठभाग वितळवते आणि कार्बन आत कोंडला जातो, म्हणून ते भाजण्याआधीच काढावे लागते. प्रत्येकाने आपापल्या गावाहून आणलेले तूस प्रथम एकत्र कालवावे, नाहीतर निकालांची तुलनाच होत नाही. मग ते पाण्याने धुऊन वाळवावे. ५० ग्रॅम तूस ५०० मिलिलीटर १ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लात, धूरकक्षात, ९० अंशांवर तासभर ढवळावे. नंतर ऊर्ध्वपातित पाण्याने धूत राहावे. धुवणात सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाकल्यावर पांढरी गढूळता येईनाशी झाली, म्हणजे आम्लातले क्लोराइड निघून गेले, की थांबावे. या चाचणीत घाई करू नये. ११० अंशांवर रात्रभर वाळवून, उघड्या मुशीत पातळ थर पसरावा, मिनिटाला ५ अंश वेगाने ६५० अंशांपर्यंत न्यावे आणि मफल भट्टीची हवेची वाट मोकळी ठेवून दोन तास भाजावे.

राख पांढरीशुभ्र निघाली आणि तांब्याच्या क्ष-किरणांच्या आलेखात २२ अंश कोनाजवळ फक्त रुंद उंचवटा दिसला, म्हणजे सिलिका अस्फटिकच राहिली होती.