जुन्या कागदाची झेरॉक्स स्वच्छ कशी काढावी

दांडिया बाजारात माझं झेरॉक्सचं दुकान आहे. आधार कार्ड, मार्कशीट हे रोजचंच, पण वडोदऱ्यातल्या जुन्या मराठी घरांतून पणजोबांची खरेदीखतं, मोडीतली पत्रंही येतात. पिवळी, पापडासारखी. आणि सोबत फर्माईश: "दादा, जरा डार्क काढा हो!"

तिथेच घोटाळा होतो. मशीनला अक्षर कळत नाही, उजेड आणि काळोख तेवढा कळतो. आत एक ड्रम असतो. अंधारात त्याच्यावर विजेचा भार चढवतात. काचेखालून दिवा फिरला की पांढऱ्या भागावरचा उजेड परतून ड्रमवर पडतो आणि तिथला भार उतरतो. अक्षरांच्या जागी उजेडच येत नाही, म्हणून भार टिकतो. टोनर म्हणजे प्लॅस्टिकची काळी भुकटी. तिचा भार उलटा, म्हणून ती तेवढ्याच जागी चिकटते. मग कागदाला मागून भार दिला की भुकटी कागदावर येते आणि तापलेल्या रोलरमधून जाताना वितळून पक्की बसते. ताजी कॉपी गरम लागते ती त्यामुळे. 22 ऑक्टोबर 1938 रोजी न्यूयॉर्कच्या अ‍ॅस्टोरियात या पद्धतीचा जनक चेस्टर कार्लसन याने गंधक लावलेल्या जस्ताच्या पत्र्यावर हेच केलं होतं, पत्रा कापडाने घासून. हल्लीच्या डिजिटल मशीनमध्ये आधी स्कॅन होतो, मग लेझर ड्रमवर लिहितो आणि इथे उलट, उजेड म्हणजे लेझर पडेल तिथेच टोनर बसतो. बाकी गाडी तीच.

आता पिवळा कागद म्हणजे मशीनच्या लेखी अर्धा काळोख. डार्क वाढवलं की अक्षरांबरोबर कागदही काळवंडतो. तेव्हा उलट, मधल्या खुणेपेक्षा एक घर फिकट ठेवायला सांगा आणि आधी एकच प्रत काढून बघा. अक्षरं तुटायला लागली तर परत मधे या. शिक्का किंवा फोटो असेल तर फोटो मोड.

पातळ कागदाच्या पाठची अक्षरं पुढे उमटत असतील तर मागे कोरा काळा कागद ठेवायचा. आरपार गेलेला उजेड तो गिळतो आणि पाठची अक्षरं बरीचशी गायब होतात. गिऱ्हाइकं आधी हसतात, मग कॉपी बघतात.

जुना कागद फीडरमध्ये, म्हणजे कागद आपोआप आत ओढणाऱ्या ट्रेमध्ये, कधीच घालू देऊ नका, कितीही घाई असली तरी. काचेवरच ठेवायचा, टाचण्या काढून. घड्या आदल्या रात्री जाड पुस्तकाखाली दाबून ठेवा. इस्त्री मात्र नको.

पावसाळ्यात कॉपी फिकी, डागाळलेली आली तर दोष बहुधा दमट कागदाचा असतो. नवं पाकीट फोडायला सांगा. मी स्वतः रिम उघडी ठेवतच नाही.