जुना प्रोसेसर तापून कायमचा जळतो का?
हो, जळू शकतो. पण सगळेच नाही. 2000 सालच्या एएमडी अ‍ॅथलॉन ‘थंडरबर्ड’ या प्रोसेसरमध्ये स्वतःला वाचवायची सोयच नव्हती. हीटसिंक (प्रोसेसरवर बसवलेला, त्याची उष्णता ओढून घेणारा धातूचा ठोकळा) निखळला की काही सेकंदांत चिप कायमची जायची. म्हणून असं मशीन ‘नुसतं चालतंय का बघू’ म्हणत हीटसिंकशिवाय क्षणभरही सुरू करू नका, कळकळीने सांगतो. इंटेलचा पेंटियम 4 मात्र तापला की आपोआप मंदावतो, फारच झालं तर बंद पडतो आणि सहसा वाचतो.

तेव्हा पीसी मध्येच बंद पडला तर प्रोसेसर गेला असं धरू नका. धूळ काढा, थर्मल पेस्ट (प्रोसेसर आणि हीटसिंक यांच्यामधला, उष्णता वाहून नेणारा लेप) बदला. जुनी पेस्ट घट्ट चिकटते. पीसी थोडा चालवून बंद करा आणि कोमट असतानाच हीटसिंक हलका फिरवत काढा. ओढलात तर प्रोसेसर सॉकेटमधून (तो बसतो त्या खाचेतून) उपटून पिना वाकू शकतात.