रेझिनच्या वाघिणी ओतताना या चुका टाळा

बॉक्सएन वाघिणीचं, म्हणजे मालगाडीच्या उघड्या डब्याचं, एचओ मापातलं (१:८७ चं) मॉडेलचं किट करायला घेतलेल्यांचे फोन मला बारा महिने येतात. जून ते सप्टेंबरमध्ये ते दुपटीने वाढतात आणि तक्रार एकच असते: "काका, रेझिन फुगलं." मी आधी विचारतो, कप कागदाचा होता का? उत्तर बहुतेक वेळा "हो" असतं.

पॉलियुरेथेन रेझिनचे दोन भाग असतात. त्यातल्या आयसोसायनेटची पाण्याशी गाठ पडली की कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि रेझिनला फेस येतो. आपल्याकडे पावसाळ्यात पाणी कुठे नसतं? हवेत असतं, चहाच्या कागदी कपात असतं, ढवळायच्या आइस्क्रीमच्या काडीत असतं, कपाटात पडून राहिलेल्या सिलिकॉनच्या साच्यातसुद्धा असतं. उघडून ठेवलेला डबा तर रोज थोडा थोडा ओलावा पीतच असतो.

हे मला अंबरनाथला एका जुलैत कळलं. बारा वाघिणींचा रेक, म्हणजे अख्खी गाडी, द्यायचा होता, म्हणजे चोवीस बाजू. बाहेर तीन दिवस संततधार, पण तारीख जवळ आली होती म्हणून मी एका बैठकीत सोळा बाजू ओतल्या. साच्यातून काढल्या तेव्हा सगळ्या चकाचक दिसत होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या बाजूच्या उभ्या पट्टीवरून पॉलिश पेपर फिरवला आणि वरची कातडी पापुद्र्यासारखी सुटली. आत आंबोळीसारखी जाळी. दुसरी बाजू तशीच, तिसरीही तशीच. सोळाच्या सोळा फेकाव्या लागल्या आणि रेक दिवाळीनंतर गेला.

तेव्हापासून साचे ओतण्याआधी तासभर ६० अंशांवर गरम करतो. त्यासाठी वेगळा छोटा ओव्हन आहे, त्यात खायचं काही जात नाही. कप प्लास्टिकचा, ढवळायला स्टीलचा चमचा. मोठा डबा स्वस्त पडतो तरी मी लहानच घेतो आणि झाकणावर उघडल्याची तारीख लिहितो. हवेतला दमटपणा मोजायचं यंत्र माझ्याकडे आहे, पण खरा भरवसा दोरीवरच्या कपड्यांवर. ज्या दिवशी ते सुकत नाहीत त्या दिवशी डबा उघडायचा नाही. मग गिऱ्हाईक कितीही घाईत असो.

दुसरी चूक थ्रीडी प्रिंटर घराघरांत आल्यापासून फारच वाढली आहे. पुण्याहून एक मुलगा कॅसनब बोगीच्या बाजूच्या फ्रेमचा मास्टर, म्हणजे ज्यावरून साचा घेतात तो मूळ नमुना, घेऊन आला होता. बोगी म्हणजे इथे डबा नव्हे, वाघिणीखालचा चार चाकांचा सांगाडा. प्रिंट अप्रतिम होता, स्प्रिंगचा एकेक वेढा मोजून घ्यावा असा. शुक्रवारी रात्री छापला आणि शनिवारी सकाळी त्यावर प्लॅटिनम सिलिकॉन, म्हणजे प्लॅटिनमच्या उत्प्रेरकाने घट्ट होणारं साच्याचं रबर, ओतलं. रविवारी साचा उघडला तर बाहेरून रबर घट्ट, आणि मास्टरला टेकलेला थर काकवीसारखा चिकट. तो स्पिरिटने पुसता पुसता स्प्रिंगचे वेढे मोडले. तीन आठवडे संगणकावर घालवलेल्या मुलाला आणखी चार दिवस थांबवलं नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

कारण साधं आहे. प्रिंटरच्या रेझिनमधला अर्धवट पिकलेला, म्हणजे पुरता घट्ट न झालेला, अंश प्लॅटिनमच्या उत्प्रेरकाला बंद पाडतो. गंधक असलेली माती आणि लेटेक्सचे हातमोजेही तेच करतात. प्रिंट अल्कोहोलमध्ये नीट धुवा, अतिनील प्रकाशात दोन्ही बाजूंनी पिकवा, काही दिवस उबेला ठेवा, वर लॅकरचा हात द्या. मग मागच्या न दिसणाऱ्या कोपऱ्यावर सिलिकॉनचा एक थेंब ठेवून रात्रभर वाट बघा. मी स्वतः प्रिंटसाठी सरळ टिनच्या उत्प्रेरकाचं सिलिकॉन वापरतो. ते साचे लवकर म्हातारे होतात आणि थोडे आक्रसतात, पण मास्टरचा घात करत नाहीत.

आणि प्रिंटरमधून निघालेली वस्तू म्हणजे मास्टर नव्हे. प्रायमर मारा, ट्यूबलाइटखाली तिरकी धरा, थरांच्या रेषा दिसतील. ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा, पुन्हा प्रायमर, मग ८००. मास्टरवर राहिलेली एक रेष पन्नास किटांत पन्नास वेळा उमटते. मागे बँकर (ढकलणारं इंजिन) लावून कसारा घाट चढणारा बॉक्सएनचा रेक पाहिला असेल तर आठवा, वळणावर ऊन त्या उभ्या पट्ट्यांवरून कसं सरकत जातं. एका वाघिणीची बाजू वाकडी किंवा खरबरीत असली तर नजर तिथेच अडखळते.

बाजू वाकड्या होतात त्या बहुधा साच्यातून लवकर काढल्यामुळे. रेझिन कडक लागलं म्हणजे पिकलं असं नाही. मी दुप्पट वेळ ठेवतो आणि काढल्यावर काचेवर आडव्या पालथ्या घालून वर फरशी ठेवतो. वाकलीच तर हाताला सोसणार नाही इतक्या गरम पाण्यात मिनिटभर बुडवून पुन्हा काचेखाली.

बुडबुडे दाबून टाकण्यासाठी प्रेशर पॉट, म्हणजे कॉम्प्रेसरने हवा भरायचं भांडं, घ्यायचा तर साचाही त्याच दाबाखाली करा. नाहीतर सिलिकॉनमध्ये अडकलेले बुडबुडे ओतताना दबतात आणि भागावर पुटकुळ्या येतात. घरातल्या कुकरला कॉम्प्रेसर जोडण्याचा विचारही करू नका. तो त्या दाबासाठी बनलेला नाही आणि झाकण उडालं तर समोर तुमचं तोंड असतं.

साच्याचा दुसरा अर्धा ओतण्याआधी पहिल्यावर व्हॅसलिनचा पातळ हात. विसरलात तर दोन्ही अर्धे एकजीव होतात आणि मास्टर सुरीने कोरून काढावा लागतो.

हेडस्टॉकपासून हेडस्टॉकपर्यंत, म्हणजे एका टोकाच्या आडव्या तुळईपासून दुसऱ्या टोकाच्या तुळईपर्यंत, खरी बॉक्सएन ९७८४ मिमी, म्हणजे एचओत साधारण ११२ मिमी. सिलिकॉन आणि रेझिन दोन्ही आक्रसतात, त्यामुळे बाजू ओतलेल्या आणि तळ स्टायरीनच्या (प्लास्टिकच्या) शीटचा नकाशाच्या मापाने कापलेला, असं करू नका. तळही ओता, किंवा ओतलेल्या बाजूला व्हर्नियर लावून मगच शीट कापा.

प्लास्टिक मॉडेलचा सिमेंट रेझिनला चिकटत नाही. फेविक्विक किंवा अॅराल्डाइट वापरा, त्याआधी भाग भांड्याच्या साबणाने धुवा. घासताना मास्क, ओतताना खिडकी उघडी आणि नायट्राइलचे हातमोजे. खिडकी उघडणार म्हणून तर कोरडा दिवस हवा.

वजनाकडे कोणी बघत नाही. रेझिनची रिकामी वाघीण हलकी असते आणि लांब रेकमध्ये वळणावर आतल्या बाजूला कलंडते. अमेरिकेतल्या एनएमआरए या मॉडेल रेल्वेवाल्यांच्या संघटनेची शिफारस आहे १ औंस आणि वर दर इंचाला अर्धा औंस. बॉक्सएनला ते ९० ग्रॅमच्या आसपास येतं. उघड्या वाघिणीत वजन लपवायला जागा नसते, म्हणून मी तळाच्या मास्टरमध्येच शिशाच्या पत्र्यासाठी खाच ठेवतो.

चाकं निवडताना लक्षात ठेवा, खरं चाक १००० मिमीचं, म्हणजे एचओत ११.५ मिमी. बाजारात सहज मिळणारी चाकं बहुतेक याहून लहान असतात. ती घातली की वाघीण खाली बसते आणि कपलरची (डबे जोडणाऱ्या आकड्याची) उंची शेजारच्या डब्याशी जुळत नाही. बोगीची फ्रेम ओतण्याआधी चाकं हातात असू द्या. अॅक्सलच्या टोकाला पितळी बुश बसेल एवढं भोकही मास्टरमध्येच ठेवा, कारण नुसत्या रेझिनचं भोक झिजतं.

आणि किटांचे खोके भरायच्या आधी त्याच साच्यांतून आलेलं एक किट स्वतः शेवटपर्यंत जोडा, रंगवा, रुळांवर चालवा. माझ्या पहिल्या खेपेत ब्रेकचं हातचाक प्रत्येक पाकिटात एकच गेलं होतं आणि ते नेमकं सगळ्यात आधी मोडतं. आता मी दोन घालतो.